जपानचा पाळणा का रिकामा?



जपान देशात २०२४ साली ६ लाख ८६ हजार मुले जन्माला आली आणि १६ लाख ५ हजार माणसे वारली. करा वजाबाकी. एका वर्षात ९ लाख १९ हजारांची तूट! २०११ च्या शिरगणतीत आपल्या सोलापूर शहराची वस्ती साडेनऊ लाख भरली होती. म्हणजे लढाई नाही, पटकीची साथ नाही, आणि एका सालात जवळजवळ सबंध सोलापूर जपानातून उठले. बरे, हे एकाच सालचे नाही. २००८ साली तिथे १२ कोटी ८० लाख माणसे होती, ती २०२४ साली १२ कोटी ३८ लाखांवर आली. शंभरातली २९ माणसे पासष्टीच्या पुढची. २००२ ते २०२० या काळात आठ हजारांवर सरकारी शाळा बंद झाल्या. मास्तर आहेत, फळा आहे, पोरेच नाहीत.

आहे तेवढी वस्ती टिकायची तर एका बाईमागे सरासरी दोनाहून थोडी जास्त मुले व्हावी लागतात. जपानात २०२४ साली हा आकडा १.१५ होता. राजधानी टोकियोत तर एकाच्याही खाली, ०.९६.

यावर शहाण्या लोकांचा निकाल केव्हाच लागला आहे. बाया शिकल्या, कमवायला लागल्या, हिंडायला-फिरायला सोकावल्या, त्यांना पोर नकोसे झाले. आमच्या कँटीनमध्ये एक गडी चहा ढोसता ढोसता हेच म्हणाला, आणि चारजणांनी माना डोलावल्या. मला विचाराल तर चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा हा प्रकार आहे. जपानच्या पाळण्याची दोरी कुणी कापली हे बघायचे असेल तर गिरणीच्या गेटातून आत शिरावे लागते. म्हणून या विषयावर मी लिहितो आहे. शिक्षण माझे चार यत्ता. पण पगाराचा आणि पाळीचा हिशेब मला कळतो, आणि हा हिशेब त्यातलाच आहे.

जपानचे वैभव उभे राहिले ते रेशमावर आणि सुतावर. १८७२ साली सरकारने तोमिओका गावी रेशमाची गिरणी काढली. पुढे गिरण्या वाढत गेल्या, आणि त्यांत कामाला कोण? तर खेड्यातल्या गरीब शेतकऱ्यांच्या पोरी. दलाल गावात यायचा, बापाच्या हातावर उचल ठेवायचा, आणि पोरगी गिरणीच्या वसतिगृहात जाऊन पडायची. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल ज्यांनी घरात पाहिली आहे त्यांना हे फोड करून सांगायला नको. बारा-बारा तासांची पाळी, आलटून पालटून रात्रपाळी, बाहेर जायला परवानगी. कितीतरी पोरी क्षय घेऊन गावी परत गेल्या. बायकांची रात्रपाळी तिथे बंद झाली ती १९२९ साली.

या पोरींचे आणि आपले जुने नाते आहे. १९२० नंतरच्या काळात मुंबईचे गिरणीमालक गळा काढत होते, की जपानी कापडापुढे आमचा निभाव लागत नाही, कारण तिथे बाया रात्रीच्या खपतात. १९२७ साली सरकारच्या टॅरिफ बोर्डानेही ही गोष्ट मान्य केली. मग आपल्या शेटजींनी काय करावे? त्यांनी इथल्या कामगाराच्या माथी दोनाच्या जागी तीन साचे मारायचा धडाका लावला. त्यातूनच मुंबईचा १९२८ चा सहा महिन्यांचा संप पेटला. तिकडची पोरगी जागी ठेवली तर इकडच्या गड्याच्या घरातली चूल विझते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी तेव्हाच पाहिले.

आता मूळ गोष्ट. ओमी केन्शी नावाची जपानात एक मोठी कताई कंपनी होती. तिच्या कामगारांनी, आणि त्यांत बहुतेक तरुण पोरीच होत्या, १९५४ च्या जूनमध्ये संप केला. १०६ दिवस टिकवला. मागण्यांचा कागद बघा. आमची युनियन माना, ही मागणी आपल्या ओळखीची आहे. पण पुढे लिहिले आहे : आमची पत्रे फोडून वाचू नका. मालकाच्या धर्माची पूजाअर्चा आमच्यावर लादू नका. आणि आम्हाला लग्न करायची मोकळीक द्या.

लग्न करायची मोकळीक! ही गोष्ट संपाच्या कागदावर लिहून मागावी लागली, आणि ती मिळवायला साडेतीन महिने गेटाबाहेर बसावे लागले. पोरी जिंकल्या ही आनंदाची गोष्ट. पण जपानच्या शिरगणतीच्या सगळ्या चोपड्या एका बाजूला ठेवा आणि हा एक कागद दुसऱ्या बाजूला. मला तरी हाच कागद जास्त सांगतो. मालकाला हात पाहिजेत. हाताला जोडून आलेला माणूस, त्याचे लग्न, त्याची बाळंतीण बायको, तापलेले पोर, हे काही त्याला नको आहे. १९५४ साली तो हे उघड सांगत होता. आज तो सांगत नाही, तसा पगार आणि तशी पाळी लावून देतो.

सरकारचे तरी काय वेगळे? जानेवारी १९४१ मध्ये जपानच्या मंत्रिमंडळाने ठराव केला, की दर जोडप्याला पाच मुले व्हावीत आणि १९६० पर्यंत देशाची वस्ती दहा कोटी व्हावी. लग्ने तीन वर्षे लवकर लावा म्हणून सांगितले. दहा-दहा मुले असणाऱ्या घरांचे सत्कार केले. कशासाठी, हे सांगायला पाहिजे का? तोफेच्या तोंडी द्यायला पोरे हवी होती. पुढे लढाई हरली, शहरे बेचिराख झाली, धान्य मिळेना, आणि त्याच सरकारला पोरांचा भार झाला. १९४८ साली नवा कायदा आला. गर्भपात सोपा झाला, त्याने कितीतरी बायांची सुटका झाली, ते मी नाकारत नाही. पण त्याच कायद्याचा आधार घेऊन अपंग आणि आजारी अशा सुमारे साडेसोळा हजार माणसांची त्यांच्या संमतीवाचून नसबंदी केली गेली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनेविरुद्ध ठरवला तो ३ जुलै २०२४ ला. तोवर त्यांतली किती माणसे हयात राहिली असतील?

त्याच सुमारास पोलादासारख्या धंद्यातल्या मोठ्या कंपन्यांनी कामगारांच्या घरी बाया पाठवून त्यांच्या बायकांना संततिनियमनाचे धडे द्यायला सुरुवात केली. कामगाराची चार पोरे म्हणजे भत्ता जास्त, घर मोठे, चिंता जास्त. लहान कुटुंबाचा कामगार कंपनीला स्वस्त पडतो. १९४७ साली एका बाईमागे साडेचार मुले होती, १९५७ साली दोन. दहा वर्षांत निम्म्याहून खाली! हे सगळे कंपनीने केले असे म्हणणार नाही. बायांनाही ते हवे होते. आठ बाळंतपणे म्हणजे काय ते आपल्या आयांना विचारा. बाईने दोनावर थांबावे की एकावर, की मुळीच नको म्हणावे, हा तिचा प्रश्न आहे आणि त्यात कुणी नाक खुपसू नये.

पण नाक खुपसणारे थांबत नाहीत. २००७ साली जपानचे आरोग्यमंत्री यानागिसावा जाहीर सभेत बोलून गेले, की बाया म्हणजे मुले जन्माला घालणारी यंत्रे, आणि यंत्रांची संख्या ठरलेली असल्यामुळे एकेकीने जास्त जोर लावला पाहिजे. पुढे माफी मागितली. अहो मंत्रीसाहेब, आम्ही यंत्रावरच काम करणारी माणसे. यंत्रालासुद्धा तेल लागते, दर हप्त्याला साफसफाई लागते, पट्टा तुटला तर साचा उभा करावा लागतो. तुम्ही बाईला यंत्राइतकी तरी विश्रांती दिली होती का?

आता आजच्या जपानी जोडप्यांचेच ऐका. तिथली सरकारी संस्था दर काही वर्षांनी त्यांना विचारते. २०२१ साली विचारले तेव्हा नवराबायको म्हणाले, आम्हाला हवीशी वाटतात ती मुले सरासरी २.२५. होतील असे वाटते ती २.०१. मनासारखी मुले का होत नाहीत? निम्म्याहून जास्त जोडप्यांनी सांगितले, वाढवायला आणि शिकवायला पैसा पुरत नाही. नको झाली म्हणून नाही हो, परवडत नाहीत म्हणून.

हे झाले लग्न झालेल्यांचे. खरी अडचण त्याच्या अलीकडे आहे. जपानात लग्नाबाहेर होणारी मुले शंभरात दोनच. म्हणजे लग्न नाही तर पाळणा नाही. मग लग्न कुणाचे होत नाही? बदलीवाल्याचे! १९८५ साली तिथे कंत्राटी माणसे पुरवायचा कायदा झाला. १९९९ साली बहुतेक धंदे त्याला मोकळे केले, आणि २००४ साली कारखान्यांचीही दारे उघडली. आज नोकरी करणाऱ्या शंभरातली ३७ च्या आसपास माणसे कायम नाहीत. २०१७ च्या सरकारी पाहणीत तीस ते चौतीस वयाच्या पुरुषांचा हिशेब आहे. कायम नोकरीवाल्यांत शंभरातल्या एकोणसाठांची लग्ने झालेली. कच्च्या नोकरीवाल्यांत बाविसांची. आता सांगा, यात बाईच्या शिक्षणाचा आणि हिंडण्याचा संबंध कुठे आला? आपल्याकडे सकाळी गेटावर उभे राहून "आज बदली मिळेल का" म्हणणाऱ्या पोराला मुलगी देताना बाप दहादा विचार करतो. तिकडचा बापही बापच आहे, आणि तिकडची पोरगी स्वतःचा विचार स्वतः करते, एवढाच फरक.

जो कायम आहे त्याची गत ऐका. कामाने मरण येणे याला जपानी भाषेत वेगळा शब्द आहे, करोशी. आपल्या मराठीत असा शब्द नाही, देव करो आणि लागू नये. ओव्हरटाईमला कायद्याची पक्की मर्यादा यायला २०१९ साल उजाडले. ती मर्यादाही कशी? एरवी महिन्याला ४५ तास, पण "खास कारण" दाखवले तर एखाद्या महिन्यात शंभराच्या उंबरठ्यापर्यंत आणि वर्षाला ७२० तास. यातली मेख अशी की मालकाला हे आपल्या मनाने करता येत नाही. कामगारांच्या प्रतिनिधीशी लेखी करार व्हावा लागतो. १९४७ च्या कायद्यापासून तसेच आहे. म्हणजे त्या प्रत्येक कागदावर आपल्यासारख्याच एखाद्या पुढाऱ्याची सही आहे. मालकाला शिव्या घालताना हे विसरून चालणार नाही. बाप रात्री अकराला घरी येतो, मूल झोपलेले असते. दुसरे मूल त्या बाईने कुणाच्या भरवशावर होऊ द्यावे?

घराचे आणखी एक विचित्र आहे. २०२३ साली जपानात ९० लाख घरे रिकामी होती. आपल्या कोकणातली कुलूपबंद घरे आठवा. काम आहे तिथे खोली परवडत नाही, खोली ओस पडली आहे तिथे काम नाही.

सरकार हातावर हात धरून बसले आहे असे मी म्हणत नाही. १९९४ पासून योजनांवर योजना झाल्या. पाळणाघरात जागा नाही म्हणून २०१७ साली २६ हजार मुले यादीत ताटकळत होती, ती २०२४ साली अडीच हजारांवर आली. हे चांगलेच झाले. ऑक्टोबर २०२४ पासून मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत दर महिन्याला भत्ता मिळतो, मग आईबापांचा पगार कितीही असो. टोकियोच्या सरकारने तर २०२४ साली मोबाइलवर लग्ने जुळवायचा धंदाच सुरू केला! मुलगा-मुलगी भेटवून द्यायला सरकार तयार आहे, पण ती दोघे भेटणार केव्हा? पाळी कोण सोडवणार?

कुणी म्हणेल, स्वीडन आणि फिनलंडात रजा आहे, पाळणाघरे आहेत, तरी तिथेही २०२३ साली आकडा दीडाच्या खालीच होता. खरे आहे. म्हणून मी असे वचन देत नाही, की पगार वाढवा आणि घरोघर तीन पाळणे बांधा. कमी मुलांचा देश काही पापी ठरत नाही. माझे म्हणणे इतकेच की ज्यांना मूल हवे आहे त्यांना ते परवडू नये, अशी व्यवस्था ज्यांनी केली त्यांनी बाईकडे बोट दाखवू नये.

आणि या व्यवस्थेचा खरा चेहरा पाहायचा तर जपानच्या शिलाई कारखान्यांत जा. स्वतःची माणसे कमी पडली म्हणून १९९३ पासून ते परदेशातून "शिकाऊ" कामगार आणतात. चीन, व्हिएतनाम, फिलिपाईन्स अशा देशांच्या पोरी. नाव शिकण्याचे, काम कपडे शिवण्याचे. २०२२ साली सरकारनेच पाहणी केली तेव्हा चारांतल्या एकीने सांगितले, की गरोदर राहिलीस तर नोकरी जाईल किंवा परत पाठवू, असे आम्हाला बजावले होते. शेतावर काम करणाऱ्या अशाच एका व्हिएतनामी पोरीने परत पाठवतील या भीतीने गरोदरपण लपवले. खोलीत एकटी बाळंत झाली, जुळी मेलेली निघाली, आणि तिच्यावरच खटला भरला. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडले. एकीकडे देश मुलांसाठी टाहो फोडतो, दुसरीकडे त्याच देशात राबणारी बाई पोटातले मूल चोरासारखे लपवते! सत्तर वर्षांपूर्वीचा तो लग्नाच्या मोकळिकीचा कागद अजून जुना झालेला नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्या देशाची वस्ती अजून घटू लागलेली नाही, पण बाईमागचा आकडा आपलाही उतरतो आहे. १९९२-९३ च्या पाहणीत देशात ३.४ होता, २०१९-२१ च्या पाहणीत २.० झाला. महाराष्ट्रात १.७. आणि आपल्याकडेही पाहा, सत्तेची भाषा कशी कूस बदलते. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे बिल मंजूर केले होते. दिल्लीची संमती आली नाही म्हणून वाचलो. २००१ पासून दोनाहून जास्त मुले झाली तर ग्रामपंचायतीला उभे राहायचे नाही असा नियम झाला. आणि २०२४ साली? आंध्र आणि तामिळनाडूचे मुख्यमंत्री जास्त मुलांची भाषा बोलू लागले, आणि डिसेंबरात नागपुरात सरसंघचालक भागवतांनी निदान तीन तरी हवीत असे सांगितले. काल दोन पुरे, आज तीन आणा. बाळंतपण कुणाचे, रात्रीचे जागरण कुणाचे, फी कोण भरणार, हे यांतला कुणी बोलत नाही.

त्याच महाराष्ट्रात सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने काय मंजूर केले? कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा, आणि ओव्हरटाईम तीन महिन्यांना ११५ तासांवरून १४४. कामगाराची संमती लागेल म्हणे. जपानातही संमतीच लागते.

आणि पाळणाघर? पन्नास माणसे कामाला असतील तिथे पाळणाघर हवे असे २०१७ च्या कायद्याने सांगितले. आमच्या सूतगिरणीत (नाव घेत नाही) पाटी आहे, खोलीही आहे. खोलीत मोडक्या बॉबिनांची पोती आहेत. माझी घरवाली रिंग खात्यात होती. धाकटा सात महिन्यांचा झाला तेव्हा ती कामावर गेली. पोर शेजारच्या म्हातारीकडे ठेवायची, आणि दूध पाजायला सुटीत धावत घरी यायची. पंधरा मिनिटे उशीर झाला की मुकादम अर्धा रोज कापायचा. चार महिन्यांत तिने नोकरी सोडली. एक पगार गेला, आणि तिसऱ्या मुलाचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या बिलाच्या बाजूने उभे राहिले आणि १९२९ साली कायदा झाला. त्यानंतर मालकांनी काय केले? गिरण्यांत बायाच कमी करत आणल्या. म्हणून नुसत्या कायद्यावर माझा भरवसा नाही.

येत्या गेटसभेला युनियनच्या पुढाऱ्यांना आपण तीन गोष्टी विचारायच्या आहेत. बारा तासांच्या संमतीचा कागद आला तर सभेत वाचून दाखवल्याशिवाय त्यावर सही करणार का? दोनशे चाळीस दिवस भरलेल्या बदलीवाल्यांची यादी मालकापुढे कधी ठेवणार? आणि पाळणाघराच्या खोलीतली पोती कोणत्या तारखेला बाहेर निघणार? तिसऱ्या प्रश्नाच्या वेळी रिंग खात्यातल्या बायांनी पुढे बसावे. तारीख मिळेपर्यंत उठू नये.